चित्र जागेवर राहू द्या, कीबोर्ड-माऊस तेवढा फिरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. कोल्हापुरात राजारामपुरीत घरूनच तुमचं काम चालतं. दिवसभर पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप, आणि संध्याकाळी भावाच्या गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीची ड्रॉइंग्ज आणि मराठी पत्रव्यवहार, तो तुमच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर. टेबल चार फुटी. त्यावर २७ इंची फोर-के आणि जुना २४ इंची फुल एचडी असे दोन मॉनिटर. कीबोर्ड आणि माऊसची जोडी मात्र एकच ठेवायची आहे. रोज दोनदा केबली काढून-घालून लॅपटॉपचं एचडीएमआय सॉकेट ढिलं झालंय. दुकानात विचारलं तर दोन मॉनिटरचा केव्हीएम स्विच, म्हणजे कीबोर्ड, माऊस आणि चित्र तिन्ही एका बटणानं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर वळवणारी डबी, घ्या म्हणाले, आणि किंमत ऐकून तुम्ही थांबलात.

थांबलात ते बरं केलंत. माझं मत असं, की तुमच्या टेबलाला केव्हीएमची गरज नाही. तुमच्या दोन्ही मॉनिटरना मागं एकापेक्षा जास्त इनपुट आहेत. दोन्ही कॉम्प्युटरच्या केबली दोन्ही मॉनिटरना कायमच्या जोडून ठेवा आणि त्यांना पुन्हा हात लावू नका. कीबोर्ड-माऊससाठी साधा बटणाचा यूएसबी स्विच घ्या, तो हजार-दोन हजारांत मिळतो. मॉनिटरनं कुणाचं चित्र दाखवायचं हे त्या मॉनिटरलाच सांगता येतं.

हे एवढं ठामपणे का सांगतो, ते जरा सविस्तर बघू.

साधा कीबोर्ड यूएसबीच्या सगळ्यात हळू वेगावर बोलतो, सेकंदाला १.५ मेगाबिट. त्यातलाही बहुतेक वेळ तो गप्पच असतो. आता तुमचा २७ इंची मॉनिटर घ्या. आडवे ३८४०, उभे २१६० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करा, जवळपास १२ गिगाबिट होतात. म्हणजे कीबोर्डच्या त्या तारेच्या सुमारे आठ हजार पट. कीबोर्डचा सिग्नल कसल्याही स्वस्त स्विचमधून, कसल्याही केबलमधून आरामात जातो. चित्राचा सिग्नल मात्र प्रत्येक जोडापाशी थोडा थोडा खराब होतो. लॅपटॉप ते केव्हीएम एक केबल, केव्हीएम ते मॉनिटर दुसरी, मध्ये चार जोड आणि एक चिप. थेट दोन मीटरच्या केबलवर जे चित्र नितळ दिसतं, तेच असल्या वाटेनं गेलं की मध्येच दोन सेकंद काळं पडतं, नाहीतर कॉम्प्युटर मुकाट्यानं ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर, उतरतो. ३० हर्ट्झवर माऊस ओढल्यासारखा वाटतो आणि ड्रॉइंग फिरवताना डोळे शिणतात, पण का शिणतात ते कळत नाही. बाजारात खोक्यावर ‘फोर-के’ छापलेले बरेच स्विच आतून एचडीएमआय १.४ चे असतात आणि ते फोर-के ३० हर्ट्झच्या पुढं नेत नाहीत. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच चित्राची दुसरी जोडणी) १.२ लागतं.

थोडक्यात, केव्हीएममध्ये पैसे जातात ते चित्र वळवण्यात. कीबोर्ड आणि माऊस वळवणं त्या मानानं फुकटच आहे. आणि चित्र वळवायची सोय मॉनिटरच्या आत आधीच बसवलेली असते, तिचे पैसे तुम्ही मॉनिटर घेतानाच दिलेत.

मी उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर जोडायला लागलो तेव्हा काचेचे मोठे मॉनिटर होते, व्हीजीएची जाड केबल आणि कीबोर्ड-माऊसच्या जांभळ्या-हिरव्या गोल पिना. तेव्हाचा केव्हीएम म्हणजे पत्र्याची डबी आणि वर फिरवायची खुंटी. खुंटी फिरवली की चित्र बदललं, तक्रार नाही. अक्षरांना थोडी सावली पडायची, तेवढंच. व्हीजीएच्या चित्राला समोर कोण आहे याची फारशी फिकीर नव्हती, म्हणून मध्ये डबी आली तरी चालून जायचं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट तसे नाहीत. ते आधी एकमेकांची ओळख करून घेतात आणि मगच चित्र सुरू होतं. मॉनिटरच्या आत १२८ बाइटपासून सुरू होणारी एक छोटी माहितीपत्रिका असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मी कोण, माझे ठिपके किती, मला कुठला वेग चालतो, हे त्यात लिहिलेलं असतं. एचडीएमआयच्या एकोणिसाव्या पिनेवर मॉनिटर ‘मी आहे’ म्हणून खूण देतो, मग कॉम्प्युटर ती पत्रिका वाचतो.

साधा केव्हीएम बटण दाबल्यावर ही खूणच तोडतो. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही निघालात त्याला वाटतं मॉनिटर उपटून नेले. मग तो तिथल्या सगळ्या विंडो गोळा करून उरलेल्या एका पडद्यावर टाकतो. परत आलात की सगळं विस्कटलेलं. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या डिझाइन खोलीत मी चांगला महागातला दोन मॉनिटरचा केव्हीएम बसवला होता. माहितीपत्रकात ईडीआयडी जपून ठेवायची सोय आहे असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात एचडीएमआयच्या बाजूला ती चालायची, डिस्प्लेपोर्टच्या बाजूला नाही. तिथला ड्राफ्ट्समन दिवसातून वीसेक वेळा इकडून तिकडे जायचा आणि प्रत्येक वेळी ड्रॉइंगची विंडो एकीकडून दुसरीकडे ओढत बसायचा. पंधरा दिवस त्या माणसानं सहन केलं आणि मग मला फोन केला. मी तो स्विच काढला, मॉनिटरना थेट केबली टाकल्या, कीबोर्ड-माऊसला यूएसबी स्विच दिला. आज जी जोडणी मी बहुतेकांना सांगतो ती त्या खोलीत ठरली.

आता तुमच्या टेबलाची जोडणी.

२७ इंचीपासून सुरुवात करू. त्याला दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट असं तुम्ही लिहिलंय. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय या मॉनिटरच्या पहिल्या एचडीएमआयमध्ये द्या. लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येत असेल तर सी-टू-डिस्प्लेपोर्ट अशी एकच सलग केबल घ्या आणि ती डिस्प्लेपोर्टमध्ये लावा. लॅपटॉपचं एचडीएमआय मी या मॉनिटरला देत नाही, त्याला दोन कारणं आहेत. एक तर जुन्या लॅपटॉपांचं एचडीएमआय १.४ असतं, म्हणजे परत ३० हर्ट्झ. दुसरं, ते सॉकेट तुमच्याकडे आधीच ढिलं आहे. जोडून झालं की दोन्हीकडे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत जाऊन ६० हर्ट्झ निवडलंय का ते डोळ्यांनी बघा. डेस्कटॉपकडून ६० मिळत नसेल तर मॉनिटरच्या मेनूत शिरा. बऱ्याच फोर-के मॉनिटरमध्ये एचडीएमआयची आवृत्ती १.४ की २.० हे तिथं निवडावं लागतं, आणि कारखान्यातून ते १.४ वर ठेवून पाठवलेलं असतं.

२४ इंचीला एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए. इथं थोडी अडचण आहे, पण मोठी नाही. लॅपटॉपचं एचडीएमआय या मॉनिटरच्या एचडीएमआयला द्या. ढिल्या सॉकेटला आधार म्हणून केबल टेबलाच्या कडेला पट्टीनं बांधून घ्या, म्हणजे तिचं वजन सॉकेटवर लटकणार नाही. डेस्कटॉपकडून डिस्प्लेपोर्ट-टू-व्हीजीएचा छोटा कन्व्हर्टर घेऊन व्हीजीएला जा. फुल एचडी व्हीजीएवर चालतं. अक्षरं किंचित मऊ दिसतात, पण या मॉनिटरवर तुम्ही पीडीएफ नाहीतर मेल उघडून ठेवणार, ड्रॉइंग फोर-केवर असणार. मऊपणा खटकलाच तर एवढ्या एका मॉनिटरपुरता दोन-आत-एक-बाहेर असा छोटा एचडीएमआय स्विच घ्या. फुल एचडीला लागणारा वेग फोर-केच्या पावपट असतो, त्यामुळं इथं स्वस्त स्विचही नीट चालतो. वर मी ज्या गोष्टीविरुद्ध एवढं बोललो ती इथं चालते, कारण इथं भार कमी आहे.

मग मॉनिटर बदलायचे कसे? सगळ्यात साधा मार्ग म्हणजे मॉनिटरचं बटण दाबून इनपुट निवडणं. दिवसातून दोनदाच बदलायचं असेल तर तेवढ्यावरही भागतं, आणि पहिला आठवडा तुम्ही तसंच करा असं मी सुचवीन. पण जास्त वेळा बदलायचं झालं तर मॉनिटरच्या मागं वाकून बटण शोधायचा कंटाळा येतो. त्यासाठी डीडीसी-सीआय नावाची सोय आहे. १९९८ पासूनची आहे, बहुतेक मॉनिटरमध्ये असते, आणि बहुतेकांना माहीत नसते. ज्या केबलमधून चित्र जातं तिच्यातूनच कॉम्प्युटर मॉनिटरला हुकूम देऊ शकतो: उजेड कमी कर, इनपुट बदल. इनपुट बदलायच्या हुकमाचा क्रमांक हेक्स पद्धतीत (कॉम्प्युटरवाल्यांची सोळाच्या पटीतली मोजणी) ६० आहे. त्याला जोडून जी किंमत पाठवायची ती नेहमीच्या दशमान आकड्यांत साधारण अशी: व्हीजीएला १, पहिल्या डिस्प्लेपोर्टला १५, पहिल्या एचडीएमआयला १७, दुसऱ्याला १८. काही कंपन्या आपले वेगळे आकडे ठेवतात, म्हणून आधी तपासायचं. विंडोजवर कंट्रोल-माय-मॉनिटर हे छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडलं की मॉनिटर कुठल्या आकड्यावर उभा आहे ते दिसतं. लिनक्सवर तेच काम डीडीसी-युटिल करतं. त्याआधी मॉनिटरच्या मेनूत डीडीसी-सीआय चालू आहे का बघा, कधी कधी ते बंद करून दिलेलं असतं.

आता या सगळ्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट. डिस्प्ले-स्विच नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते मागं बसून एवढंच बघत राहतं, की अमुक यूएसबी वस्तू, म्हणजे तुमचा कीबोर्ड किंवा तो यूएसबी स्विच, या कॉम्प्युटरला जोडला गेला का, किंवा तुटला का. जोडला गेला की ते मॉनिटरना म्हणतं, माझ्या इनपुटवर या. तुटला की म्हणतं, पलीकडच्या इनपुटवर जा. म्हणजे टेबलावरचं यूएसबी स्विचचं एक बटण दाबलं की कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर सगळेच पलीकडे जातात. केव्हीएमचं सगळं काम झालं, आणि चित्राच्या वाटेत काहीच आलं नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर तुम्हाला काही बसवता येत नाही, बसवूही नका. हे सॉफ्टवेअर फक्त तुमच्या डेस्कटॉपवर टाकायचं. कीबोर्ड डेस्कटॉपवरून सुटला की डेस्कटॉपच मॉनिटरना लॅपटॉपकडे ढकलतो. परत येताना थोडी मेख आहे. काही मॉनिटर फक्त चालू इनपुटवरून आलेलाच हुकूम ऐकतात. मॉनिटर लॅपटॉपचं चित्र दाखवत असेल तर डेस्कटॉपची हाक तो कानावर घेत नाही. तुमचा मॉनिटर तसा निघाला तर जाताना आपोआप आणि परत येताना बटणानं, असं करावं लागेल. दुसरा उपाय म्हणजे संध्याकाळी लॅपटॉप झोपवायचा. त्याचं चित्र बंद झालं की आपोआप इनपुट शोधणारा मॉनिटर डेस्कटॉपकडे येतो. पण हुकूम दोन्हीकडून चालत असेल तर हे आपोआप शोधणं मेनूतून बंद करून टाका, नाहीतर मॉनिटर स्वतःच इकडे तिकडे भटकत राहतो.

एक सवय मात्र लागायला चार दिवस जातात. बहुतेक मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर गेले तरी पहिल्या कॉम्प्युटरला ‘मी आहे’ची खूण देत राहतात. विंडो विस्कटत नाहीत तो याचाच फायदा. पण समजा तुम्ही एकच मॉनिटर लॅपटॉपकडे वळवला, तर डेस्कटॉपला वाटत राहतं की दोन्ही आपलेच आहेत, आणि एखादी विंडो न दिसणाऱ्या पडद्यावर उघडते. ती हवी असेल तर विंडोज, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबा, ती समोर येते. उलट तुमचा मॉनिटर खूण तोडणाऱ्यांतला असेल, डिस्प्लेपोर्टवर असे बरेच असतात, तर विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवायची सोय आहे. ती डिस्प्ले सेटिंगमध्ये चालू ठेवा.

यूएसबी स्विचवर काय लावायचं यापेक्षा काय लावायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. बटण दाबणं म्हणजे त्यावरची प्रत्येक वस्तू एका कॉम्प्युटरमधून उपटून दुसऱ्यात घालणं. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क त्यावर कधीच नको. फाइल लिहिली जात असताना बटण दाबलं गेलं तर ती फाइल गेली. कॅडच्या किंवा मराठी डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक असेल तर तेही थेट डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. तुम्ही लॅपटॉपकडे गेलात आणि लॉक निघून गेलं, तर उघड्या ड्रॉइंगचं काय होईल ते त्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर. भावाच्या फर्मचं जीएसटीचं किंवा ई-टेंडरचं डिजिटल सहीचं टोकन तर नक्कीच थेट लावा. सही चालू असताना ते सुटलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि एक गोष्ट जी पहिल्या मीटिंगपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही: हेडफोन आणि वेबकॅमेरा लॅपटॉपलाच थेट ठेवा. मीटिंग चालू असताना डेस्कटॉपवर काहीतरी बघायला म्हणून बटण दाबलं तर आवाजही जाईल आणि चेहराही.

कीबोर्ड-माऊस बिनतारी असतील तर त्यांचा रिसीव्हर स्विचवर लावला तरी चालतो. फक्त यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टाशेजारी नको. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि माऊस अडखळतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे. तुमच्या कामाला साधा यूएसबी २ चा स्विच घेतलात तर हा प्रश्न येत नाही आणि पैसेही वाचतात. बटण वेगळ्या वायरीवर असलेला घ्या, म्हणजे स्विच टेबलाखाली आणि बटण हाताशी. दोन-तीन कॉम्प्युटरशी जोडी जमवणारे कीबोर्ड आणि माऊसही मिळतात, कळ दाबली की ते या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जातात. ते छान आहेत, पण कीबोर्डची कळ वेगळी, माऊसचं बटण वेगळं, आणि ब्लूटूथवर असतील तर कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावर ते चालत नाहीत.

तुम्ही विचारलंत, की एक केबलसुद्धा न बदलता सॉफ्टवेअरनं माऊस इकडून तिकडे नेता येतो असं ऐकलंय, ते का नको? ते खरं आहे आणि योग्य जागी फार सोयीचं आहे. सिनर्जी २००१ पासून आहे. तिच्यापासून निघालेलं बॅरिअर आता मागं पडलंय, त्याची पुढची वाटचाल इनपुट-लीप या नावानं झाली, आणि सिनर्जीचा मुक्त भाग आता डेस्कफ्लो या नावानं चालतो. दोन्हीकडे विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माऊस विदाउट बॉर्डर्स फुकट आहे आणि चार कॉम्प्युटरपर्यंत चालतं. यात माऊस पडद्याच्या कडेला नेला की तो पलीकडच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जातो, आणि कीबोर्ड त्याच्यामागोमाग. पण यासाठी दोन्ही कॉम्प्युटरचे पडदे एकाच वेळी समोर दिसायला हवेत. एक मॉनिटर याला, एक त्याला. तुम्हाला दोन्ही मॉनिटर एका वेळी एकालाच द्यायचेत. शिवाय ते दोन्हीकडे बसवावं लागतं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ती परवानगी नाही. परवानगी मिळाली तरी कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे तिच्या नेटवर्कशी जोडणारी बंदिस्त वाट, चालू झालं की घरातल्या नेटवर्कचा रस्ता बऱ्याचदा बंद होतो आणि माऊस कडेलाच अडकतो. तुमच्या कंपनीचे पासवर्ड तुमच्या घरच्या नेटवर्कवरून जाणं त्यांच्या आयटी विभागाला आवडणार नाही, आणि त्यांचं ते बरोबरच आहे. यूएसबी स्विच मात्र लॅपटॉपला साध्या हबसारखा दिसतो, त्याला काही बसवावं लागत नाही. तरीही एक मेल टाकून विचारून ठेवा.

मराठी टायपिंगचा मुद्दा इथंच सांगायला हवा, कारण यात मी लोकांना फार हैराण झालेलं पाहिलंय. कीबोर्डला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. तो फक्त अमुक जागेची कळ दबली एवढं सांगतो. ‘के’ची कळ दाबली की इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीत तिचा ‘क’ होतो तो कॉम्प्युटरच्या आत. त्यामुळं यूएसबी स्विचनं कीबोर्ड फिरवला तर डेस्कटॉपवर इन्स्क्रिप्ट, लॅपटॉपवर इंग्रजी, जे जिथं होतं ते तिथं राहतं. सॉफ्टवेअरनं फिरवला की घोळ होऊ शकतो. सिनर्जीच्या घराण्यातली सॉफ्टवेअर कळीऐवजी अक्षर ओळखून पलीकडे पाठवायला बघतात. ज्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडलेला आहे तिथं मराठी चालू राहिलं आणि पलीकडे मराठी मांडणी नसली, तर अक्षर उमटतच नाही, नाहीतर भलतंच उमटतं. यावर उपाय म्हणजे कीबोर्डवाल्या कॉम्प्युटरवर इंग्रजीच ठेवायचं आणि मराठीची अदलाबदल पलीकडच्या कॉम्प्युटरवर करायची. रोज मराठी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला हे कटकटीचं आहे. तुमच्यासाठी बटणाचा स्विच सुचवण्यामागं हेही एक कारण आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे हे उत्तर एवढं लांबवलं ती. तुम्ही लिहिलंय, की लॅपटॉपच्या अंगाला कधी कधी झिणझिण्या येतात आणि एकदा केबल लावताना बारीक ठिणगी दिसली. ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. दोन कॉम्प्युटर एकाच मॉनिटरला जोडले म्हणजे केबलच्या पत्र्याच्या आवरणानं तुम्ही दोघांची अंगं एकमेकांना बांधलीत. डेस्कटॉपच्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्याचं कॅबिनेट शून्य व्होल्टवर राहत नाही. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमुळं त्याच्यावर २३० च्या साधारण निम्मा व्होल्टेज उभा राहतो. त्यातला करंट अगदी थोडा असतो, माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. एचडीएमआयच्या आतल्या चिपला मात्र तो पुरेसा असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं, मागं वायरच नसते. एका ऑफिसात मी हे पाहिलंय. एक कॉम्प्युटर यूपीएसवर, दुसरा पलीकडच्या भिंतीतल्या सॉकेटवर, मध्ये एचडीएमआय केबल. वर्षभरात दोन वेळा पोर्ट मेलं. नवीन अर्थिंग घेतलं, दोन्ही एकाच बोर्डावर आणले, त्यानंतर तिथं पोर्ट गेलेलं नाही.

म्हणून नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी वायरमनला बोलवा आणि मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज फेज आणि न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर आधी अर्थिंग. मग डेस्कटॉप, दोन्ही मॉनिटर आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच चांगल्या बोर्डावर घ्या. केबली जोडताना सगळ्यांचे प्लग काढलेले असू द्या. लॅपटॉपही चार्जरवरून काढा. आधी चित्राच्या आणि यूएसबीच्या केबली, शेवटी करंट. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, दुपारनंतर आभाळ भरून गडगडायला लागलं की बोर्डाचं नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग ओढून काढा. इंटरनेटची तांब्याची लॅन केबल येत असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनंही येते.

केव्हीएमला मी सरसकट नाव ठेवत नाही. कपाटात तीन-चार सर्व्हर आहेत आणि कधीतरी एखाद्याचा पडदा बघायचा आहे, तिथं तो हवाच. मॉनिटरला एकच इनपुट असेल, किंवा मिनिटामिनिटाला इकडून तिकडे जायचं असेल, तिथंही चांगला केव्हीएम घ्यावा. पण मग प्रत्येक पोर्टला ईडीआयडी जपतो का, फोर-के ६० हर्ट्झवर जातो का, हे लिहून घ्या आणि परत घ्यायच्या बोलीवर आणा. कळ दोनदा दाबून बदलायची सोय असलेल्या केव्हीएमवर खास कळींचे कीबोर्ड अडतात, ते त्याच्या कीबोर्डच्या पोर्टाऐवजी शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टला लावायचे.

तुमच्याकडून आता मला एकच गोष्ट कळायला हवी. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टाशेजारी विजेच्या बाणाचं किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का? नसेल तर लॅपटॉपच्या खाली छापलेलं मॉडेल बघून कंपनीच्या संकेतस्थळावर त्या पोर्टातून चित्र बाहेर येतं का ते तपासा. येत असेल तर वरची जोडणी जशीच्या तशी होईल. येत नसेल तर लॅपटॉपला २७ इंची एकटाच द्यावा लागेल, तोही एचडीएमआयनं. त्यासाठी त्या पोर्टची आवृत्ती बघावी लागेल आणि ढिलं सॉकेट आधी दुरुस्त करून घ्यावं लागेल. तो कंपनीचा लॅपटॉप आहे, तेव्हा दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घ्या. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात उघडायला देऊ नका.